जनुकीय चिपची यादी मागावी

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ‘गौ-चिप’ व ‘महिष-चिप’ ह्या दोन जनुकीय चिपांचे लोकार्पण झाले. पहिली गाईबैलांसाठी व दुसरी म्हशींसाठी आहे. विदर्भाच्या भूमीवर हा समारंभ झाल्यामुळे आपल्या राज्यातील पशुपालकांत ह्या नव्या साधनाविषयी कुतूहल निर्माण होणे स्वाभाविक होते. कोणत्याही नव्या साधनाचे होते तसेच ह्याचेही झाले. चौकशी करणारा प्रथम आकडा विचारतो. ह्या चिपवर किती हजार खुणा आहेत? अमक्या चिपवर पन्नास हजार, तमक्या चिपवर साडेसात लाखांहून अधिक. मग दुसरी चांगली, असा हिशोब लगेच मांडला जातो. ट्रॅक्टरची अश्वशक्ती विचारावी त्यातलाच हा प्रकार होय. वस्तुतः चिपच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘किती’ हा नसून ‘कोणत्या’ हा असावयास पाहिजे, आणि तो प्रश्न शेतकऱ्याच्या वतीने विचारण्याचे काम ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे आहे.

हे नीट समजण्यासाठी चिप म्हणजे काय ते थोडक्यात पाहिले पाहिजे. गाईच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात. त्या गुणसूत्रांवर आईबापांकडून आलेली आनुवंशिक माहिती चार रासायनिक अक्षरांच्या लिपीत लिहिलेली असते. एका संचातील अक्षरांची संख्या सुमारे २७० कोटी भरते. दोन गाईंच्या लिखाणात बहुतेक अक्षरे सारखीच असतात, पण ठिकठिकाणी एखादे अक्षर वेगळे पडते. ह्या वेगळेपणास जनुकीय भेद म्हणावे. काही भेदांचा जनावराच्या गुणांवर परिणाम होतो, पुष्कळांचा काहीच होत नाही. तरीही वंश ओळखण्यासाठी व दूर अंतरावरील गुणांचा मागोवा घेण्यासाठी ते उपयोगी पडतात. चिप ही एक लहानशी पट्टी असून तिच्यावर डीएनएचे हजारो छोटे तुकडे बसविलेले असतात. प्रत्येक तुकडा एका ठरावीक जागेवरील अक्षर कोणते ते सांगतो. अशा जागेला मार्कर म्हणण्याचा प्रघात आहे.

ह्यावरून एक गोष्ट उघड होते. चिप सगळे लिखाण वाचीत नाही. पन्नास हजार मार्करांची चिप २७० कोटी अक्षरांपैकी सरासरीने दर चोपन्न हजार अक्षरांमागे एकच अक्षर वाचते. ज्या जागेसाठी पट्टीवर तुकडाच नाही त्या जागेविषयी ती गप्प असते. आपल्या जमीन आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन असे बारा घटक दाखवितात. त्यात मॉलिब्डेनमचा रकाना नाही. म्हणून आपल्या जमिनीत मॉलिब्डेनमची कमतरता नाही असे कोणी म्हणू लागला तर कार्यकर्ता त्यास समजावून सांगेल की, बाबा रे, ते तपासलेलेच नाही. चिपच्या निकालाबाबत मात्र हीच चूक राजरोस होताना दिसते, कारण जमिनीच्या पत्रिकेचे रकाने डोळ्यांना दिसतात आणि चिपचे दिसत नाहीत.

ते रकाने कोणी आखले हे पाहणेही बोधप्रद आहे. गाईसाठी जगभर सर्वांत अधिक वापरली गेलेली इल्युमिना कंपनीची चिप प्रथम ५४,००१ मार्करांची होती. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत ते ५४,६०९ झाले. पुढे त्याच कंपनीने ७,७७,९६२ मार्करांची मोठी चिप आणली. पहिल्या चिपचे मार्कर निवडताना जे डीएनए तपासले गेले ते मुख्यत्वे होल्स्टिन, अँगस इत्यादी विलायती जातींच्या जनावरांचे होते. त्या जनावरांत जेथे भेद आढळला ती जागा चिपवर घेतली गेली. त्यात काही गैर नव्हते. ज्यांनी पैसा घातला त्यांच्या गोठ्यांतील जनावरे तीच होती. परंतु वशिंडाची गाय आणि बिनवशिंडाची विलायती गाय ह्यांचे वंश माणसाने गाय पाळण्याच्याही फार पूर्वी, लाखो वर्षांपूर्वी, वेगळे झालेले आहेत. होल्स्टिनमध्ये ज्या जागी काही जनावरांत एक अक्षर व काहींत दुसरे सापडते, त्याच जागी गीर किंवा खिल्लार गाईत पुष्कळदा सगळ्यांचे अक्षर एकच निघते. उलट आपल्या गाईंत जेथे खरा भेद आहे ती जागा त्या यादीत आलेलीच नसते. ज्या वाफ्यातील सगळी रोपे एकाच उंचीची आहेत त्यात उंचीवरून निवड करता येत नाही, तद्वत ज्या मार्करवर कळपातील सर्व जनावरे सारखी त्या मार्करपासून निवडीस काडीचाही उपयोग नाही. पट्टीवर मात्र तो मोजला जातो, आणि आकड्यात भर घालतो.

मोठ्या चिपसाठी भेद शोधताना वशिंडाच्या काही जातीही विचारात घेतल्या गेल्या, त्यामुळे तो दोष पुष्कळ कमी झाला. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने तयार केलेली ‘इंडिगौ’ ही चिप ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या संदर्भात गीर, कांकरेज, साहिवाल व ओंगोल ह्या जातींचा नावानिशी उल्लेख केला गेला. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही देशी गाई व त्यांचे संकर ह्यांच्यासाठी ‘इंडसचिप’ तयार केली. हे सर्व प्रयत्न स्वागतार्ह आहेत. तथापि महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या दावणीला खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ आणि कोकण कपिला ही जनावरे आहेत. देवणीत गीर व डांगीचे रक्त आहे असे मानले जाते, तेव्हा गीरसाठी उपयुक्त ठरलेले पुष्कळ मार्कर देवणीतही कामाचे ठरावेत. खिल्लारची गोष्ट वेगळी. ते कामाचे, चपळ, दुष्काळी मुलखाचे जनावर. त्याचा घाट गीरहून अगदी निराळा. एखाद्या चिपच्या निवडीत खिल्लारांचे नमुने होते काय, आणि त्या चिपवरील किती मार्कर खिल्लारांत प्रत्यक्ष बदलते आहेत, हे विचारण्याचा हक्क माणदेशातील पशुपालकाला आहे.

म्हशीच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच ठळक होतो. आपल्या म्हशीची गुणसूत्रे ५०, गाईची ६०. गाईची चिप म्हशीला लावली तर बहुतेक मार्कर निरुपयोगी ठरतात. म्हणून म्हशीसाठी सुमारे ९० हजार मार्करांची स्वतंत्र चिप आंतरराष्ट्रीय सहकार्याने तयार झाली. तिचे भेद चार जातींतून शोधले होते : भूमध्य सागरी, मुऱ्हा, जाफराबादी व निली-रावी. पंढरपुरी, नागपुरी आणि मराठवाडी ह्या आपल्या तिन्ही जाती त्या चारांत नाहीत. शिवाय त्या मार्करांचे पत्ते प्रारंभी गाईच्या गुणसूत्रांवरील जागांनी दिलेले होते, कारण म्हशीचा नकाशा त्या वेळी पुरेसा तयार नव्हता. अशा चिपने पंढरपुरी म्हशीची तपासणी करू नये असे नव्हे. करावी, पण निकाल वाचताना ही गोष्ट समोर ठेवावी.

आता सर्वसाधारण निवडीचा विषय बाजूला ठेवून काही ठरावीक भेदांकडे वळू, कारण शेतकऱ्याचे नुकसान मुख्यतः तेथे होते.

होल्स्टिन जातीत रक्तातील पांढऱ्या पेशींचा एक आनुवंशिक रोग आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘ब्लॅड’ म्हणतात. ह्या रोगाच्या वासरात पांढऱ्या पेशी जंतुसंसर्गाच्या जागी पोहोचूच शकत नाहीत. हिरड्यांना व्रण पडतात, फुप्फुसाचा दाह व हगवण पुन्हा पुन्हा होते, वाढ खुंटते आणि बहुतेक वासरे लहानपणीच दगावतात. रोगाचे कारण एका अक्षरातील बदल हे आहे, असे १९९२ साली निश्चित झाले. माग काढता काढता तो १९५२ साली अमेरिकेत जन्मलेल्या ऑस्बॉर्नडेल आयव्हॅनहो ह्या वळूपर्यंत जाऊन पोहोचला. त्याच्या वंशातील कार्लिन-एम आयव्हॅनहो बेल ह्या नामांकित वळूचे रेत देशोदेशी गेले, आणि दुधाच्या वाढीबरोबर हा दोषही पसरला. वाहक वळू दिसावयास निरोगी असतो. वाहक वळू व वाहक गाय ह्यांचा संयोग झाला म्हणजे चारांतील एक वासरू सरासरीने रोगी निपजते. गोठ्यात दोन वासरे मेली की शेतकरी चाऱ्याला, गोठ्याच्या ओलीला किंवा नशिबाला बोल लावतो. रेताच्या कांडीकडे त्याचे लक्ष जात नाही.

म्हणूनच आपल्या देशातील रेतकेंद्रांच्या किमान मानकांत होल्स्टिन व तिच्या संकराच्या वळूंची ब्लॅड, सिट्रुलिनेमिया, ‘डम्प्स’ आणि रक्त गोठविणाऱ्या अकराव्या घटकाची उणीव ह्या चार दोषांसाठी तपासणी सांगितलेली आहे. ह्या चारांपैकी पहिल्या तिहींचे मूळ प्रत्येकी एका अक्षराच्या बदलात आहे. चौथ्याचे तसे नाही. तेथे जनुकात ७६ अक्षरांचा एक तुकडाच मध्ये घुसलेला असतो. साधा मार्कर एका जागेचे एक अक्षर वाचतो. असा घुसलेला तुकडा पकडण्यासाठी खास योजलेला शोधक तुकडा लागतो, आणि तो चिपवर मुद्दाम बसविला असेल तरच असतो. शिंगे नसण्याच्या गुणाचेही तसेच. युरोपातील पुष्कळ जातींत बोडकेपणा पहिल्या गुणसूत्रावरील दोनशेहून अधिक अक्षरांच्या दुबार नकलेमुळे येतो. पन्नास हजार मार्करांची चिप लावली म्हणजे हे सर्व आपोआप तपासले गेले असे समजणे चुकीचे होईल. एखादा व्यापारी ‘वळूची जनुकीय चाचणी झाली आहे, दोष निघाला नाही’ असे सांगतो तेव्हा त्याचे म्हणणे अक्षरशः खरे असू शकते. दोष निघाला नाही, कारण शोधलाच नाही.

दुधाच्या ए-१ व ए-२ प्रकाराचा प्रश्न तर आज बाजारभावाशी जोडला गेला आहे. गाईच्या सहाव्या गुणसूत्रावर बीटा-केसीन ह्या प्रथिनाचे जनुक आहे. त्या प्रथिनातील ६७ व्या स्थानी प्रोलीन असल्यास ए-२ व हिस्टिडीन असल्यास ए-१, असा हा एका अक्षराचा फरक. आपल्या देशी गाईंत व म्हशींत ए-२ चेच प्राबल्य आहे. प्रश्न येतो तो संकरित गाईंचा. ए-२ दुधाच्या आरोग्यगुणांचा वाद येथे अप्रस्तुत आहे. मुद्दा एवढाच की, ही एक जागा काही चिपांवर आहे व काहींवर नाही. एकाच नावाच्या चिपच्या जुन्या आवृत्तीत नसलेली जागा नव्या आवृत्तीत घेतलेली असू शकते. ए-२ चे प्रमाणपत्र मिळेल ह्या आशेने नमुना पाठवून पैसे भरण्यापूर्वी ती जागा यादीत आहे की नाही हे पाहणे पाच मिनिटांचे काम आहे.

ह्याच्या उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. चौदाव्या गुणसूत्रावरील डीगॅट-१ नावाच्या जनुकातील एका भेदामुळे दुधातील स्निग्धांश लक्षणीय रीतीने बदलतो, हे २००२ साली सिद्ध झाले. दुग्धशास्त्रात ह्या शोधाची फार वाहवा झाली, आणि ती योग्यच होती. पुढे आपल्याकडील गाई व म्हशींच्या जातींची तपासणी झाली. तिचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. आपल्या जनावरांत अधिक स्निग्धांश देणारा प्रकारच सर्वत्र कायम झालेला आढळला. म्हणजे शुद्ध देशी कळपात ह्या सुप्रसिद्ध भेदासाठी खर्च करणे व्यर्थ होय, मग तो चिपवर असो वा नसो. संकरित कळपात मात्र तो उपयोगी पडेल. यादीत एखादे नाव आहे एवढ्यावर संतोष मानू नये; ते नाव आपल्या जनावरांत काही निवड करू देते काय, हेही पाहावे लागते.

यादी कोठे मिळते आणि ती कशी वाचावी, असा प्रश्न येथे निघेल. प्रत्येक चिपबरोबर तयार करणाऱ्याची एक सारणी असते. तिला मॅनिफेस्ट म्हणतात. तिच्यात प्रत्येक मार्करचे नाव, गुणसूत्राचा क्रमांक, त्या गुणसूत्रावरील जागा आणि त्या जागेवर येऊ शकणारी दोन अक्षरे दिलेली असतात. दोन चिपांच्या दोन सारण्या समोर ठेवून सामायिक काय ते काढता येईल असे वाटते. प्रत्यक्षात ते सरळ नाही. एका कंपनीने मार्करला दिलेले नाव दुसरी कंपनी वापरीत नाही. मग नाव सोडून जागेवरून ताळा घ्यावा म्हटले, तर जागांचे आकडेही जुळत नाहीत.

हे का होते ते आपल्या शेतकऱ्याला सांगण्यास उदाहरण शोधावे लागत नाही. एकत्रीकरण योजनेनंतर जुने सर्व्हे नंबर गेले व गट नंबर आले. जमीन तीच, बांध तेच, पण जुन्या दस्तातील नंबर नव्या सातबाऱ्यावर शोधला तर दुसऱ्याचेच शेत निघते. त्यासाठी जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालणारा तक्ता पाहावा लागतो. गाईच्या जनुकसंचाचीही अशीच पुन्हा पुन्हा मोजणी झालेली आहे. डॉमिनेट नावाच्या हेरेफर्ड जातीच्या एका गाईच्या डीएनएवरून हा नकाशा तयार झाला. २००९ सालच्या यूएमडी ३.१ ह्या नकाशावर एखाद्या मार्करची जी जागा होती, ती त्याच गाईच्या २०१८ सालच्या एआरएस-यूसीडी १.२ ह्या सुधारित नकाशावर बदलली आहे. क्वचित एखादा मार्कर एका गुणसूत्रावरून दुसऱ्यावरही गेला आहे. म्हणून दोन याद्यांची तुलना करण्यापूर्वी दोन्ही एकाच नकाशावर आणल्या पाहिजेत. नकाशाचे नाव न सांगता दिलेला जागेचा आकडा म्हणजे गावाचे नाव नसलेला गट नंबर होय.

अक्षरांतही एक खोच आहे. डीएनएचे दोन धागे परस्परांस पूरक असतात. एकावर अ असेल तेथे दुसऱ्यावर ट, आणि ग असेल तेथे क. एक कंपनी एका धाग्यावरून अक्षर लिहिते व दुसरी दुसऱ्यावरून. त्यामुळे एकाच गाईचा एकाच जागेचा निकाल एका पत्रकात ‘अ-ग’ तर दुसऱ्यात ‘ट-क’ असा येतो. अडाण्याला वाटावे की दोन प्रयोगशाळांत विरोध आला. जेथे भेदाची दोन अक्षरे अ व ट किंवा क व ग अशी परस्परपूरकच असतात, तेथे तर धागा माहीत नसेल तर निकालाचा अर्थच लागत नाही.

हा गुंता सोडविण्यासाठी इटलीतील संशोधकांनी २०१४ मध्ये ‘स्नपचिंप’ नावाचे एक माहितीकोष्टक तयार केले. निरनिराळ्या कंपन्यांच्या गाईच्या चिपांवरील मार्कर एकत्र करून, कोणता मार्कर कोणत्या चिपवर आहे, कोणत्या नकाशावर त्याची जागा कोणती, कोणत्या पद्धतीत त्याची अक्षरे कशी लिहिली जातात, हे त्यात शोधता येईल अशी व्यवस्था त्यांनी केली. पुढच्या आवृत्तीत मेंढी, शेळी, डुक्कर, घोडा व कोंबडी ह्यांचीही भर घातली. आपल्या देशातील चिपांसाठी अशाच एका कोष्टकाची नितांत गरज आहे. त्याशिवाय भेदांना क्रमांक देणाऱ्या सार्वजनिक नोंदवह्या आहेत. अमेरिकेतील नोंदवहीने २०१७ पासून मानवेतर प्राण्यांच्या नव्या नोंदी घेणे बंद केले व ते काम युरोपीय नोंदवहीकडे आले. मार्करला असा सार्वजनिक क्रमांक असेल तर ओळख पटविणे सोपे जाते. खाजगी चिपांपैकी काहींवर मात्र कंपनी उघड न करणारे मार्करही असतात. तेथे शेतकऱ्याने पैसे का द्यावेत, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्याचे समाधानकारक उत्तर देणे कठीण आहे.

एक आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. जाणकार म्हणतील की, हवा तो भेद चिपवर प्रत्यक्ष नसला तरी शेजारच्या मार्करांवरून त्याचा अंदाज बांधता येतो. कारण गुणसूत्रावर जवळजवळ असलेल्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र उतरतात. दुधासारख्या गुणांवर हजारो जनुकांचा थोडाथोडा प्रभाव असतो. तेथे एकेका भेदाची झडती घेण्याचे कारण नाही. हे खरे आहे. अमेरिकेत होल्स्टिन व जर्सी जातींसाठी जानेवारी २००९ पासून अधिकृत जनुकीय मूल्यांकन सुरू झाले ते सुमारे पन्नास हजार मार्करांच्या आधारावरच, आणि त्यानंतर साडेसात लाखांची चिप वापरून एकाच जातीच्या आत अचूकतेत फार थोडी भर पडली. परंतु हा शेजाऱ्यावरून घेतलेला अंदाज एका जातीत बसवलेला दुसऱ्या जातीत बसेलच असे नाही. होल्स्टिनमध्ये ज्या शेजाऱ्याची सोबत पक्की असते, ती डांगीत नसू शकते. त्यासाठी त्या त्या जातीच्या काही जनावरांचे संपूर्ण लिखाण आधी वाचून ठेवलेले असावे लागते, आणि निवडीसाठी तर त्या जातीच्या हजारो जनावरांच्या दुधाच्या, विण्याच्या व वजनाच्या प्रामाणिक नोंदी लागतात. दूध मोजून वहीत लिहिणारा मनुष्य गावात नसेल तर जगातील कोणतीही चिप काही सांगू शकणार नाही. चिपांवर खर्च होत असताना दूधनोंदणीची वही कोरी राहते, ही आपल्याकडील दुखरी बाजू होय.

हा विषय केवळ पशुपालनापुरता नाही. कापसासाठी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे ६३ हजार मार्करांच्या चिपवर ४५,१०४ मार्कर अमेरिकन कापसाच्या जातीअंतर्गत भेदांसाठी आणि १७,९५४ मार्कर इतर प्रजातींशी तिचा संकर करताना वापरण्यासाठी आहेत. आपला देशी कापूस गुणसूत्रांच्या संख्येपासूनच निराळा आहे. त्याची २६, अमेरिकनची ५२. देशी वाणांच्या सुधारणेसाठी ६३ हजार हा आकडा पुढे केला जाईल तेव्हा त्यातील देशी कापसाच्या वाट्याला किती येतात, हे कापूस उत्पादकाने विचारावे.

मग गावात काय करावे? जनुकीय तपासणीसाठी ज्या जनावराचा नमुना घेतला जाईल त्याच्या कानातील बिल्ल्याच्या क्रमांकासमोर कार्यकर्त्याने चिपचे नाव, तिची आवृत्ती, प्रयोगशाळा व तारीख नोंदवून ठेवावी. केवळ ‘जनुकीय चाचणी केली’ ही नोंद पुरेशी नाही. तालुका पातळीवरील अधिकाऱ्याने त्या चिपची यादी मागवून ठेवावी आणि आपल्या भागात महत्त्वाच्या असलेल्या दहा-बारा भेदांपुरते एक पान मराठीत तयार करावे : हा भेद ह्या चिपवर आहे, हा नाही, हा आहे पण आपल्या जातीत बदलत नाही. संगणकावर बसून हे एका दिवसात होण्याजोगे आहे. निकालपत्रातही तीन शब्दप्रयोग वेगवेगळे छापले जावेत : ‘आढळला’, ‘आढळला नाही’ आणि ‘तपासला नाही’. चौथा एक प्रकार उरतो तो म्हणजे मार्कर यादीत आहे पण त्या नमुन्यात वाचता आला नाही. खराब नमुन्यात असे पुष्कळ मार्कर कोरे राहतात. तोही स्पष्ट लिहिला जावा. शासकीय पैशातून तयार झालेल्या चिपांच्या याद्या, कोणत्या जातींच्या किती जनावरांवरून मार्कर निवडले ह्या माहितीसह, सर्वांस खुल्या असाव्यात. देशात एकाहून अधिक संस्थांनी वेगवेगळ्या चिपा तयार केल्यानंतरच सामायिक चिपची निकड भासली. जुन्या चिपांवर तपासलेल्या जनावरांचे निकाल नव्या चिपशी जोडावयाचे असतील तर दोन्ही याद्या समोर असल्याशिवाय ते शक्य नाही. तसे झाले नाही तर त्या जनावरांवर झालेला खर्च वाया जाईल.

संकरित गाईसाठी कांडी घेणाऱ्या शेतकऱ्याने कांडीवरील वळूचा क्रमांक लिहून ठेवावा आणि त्या वळूच्या चारही दोषांच्या तपासणीचा दाखला मागावा. चिपचा निकाल त्या दाखल्याच्या ऐवजी चालत नाही, जोपर्यंत चिपच्या यादीत ते चारही भेद नावानिशी दाखविता येत नाहीत. गेल्या दोन-तीन वेतांत कारण न समजता वासरे दगावली असतील तर त्यांच्या बापाचे क्रमांक काढून पाहणे उपयुक्त ठरेल.

नमुना घेताना आणखी एक खबरदारी घ्यावी. शेपटीच्या गोंड्यातील केस मुळासकट उपटून, प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता कोरड्या कागदी पाकिटात ठेवावेत. पाकिटावर बिल्ल्याचा क्रमांक, जात व गाव लिहावे. प्रयोगशाळेला पाठविण्याच्या नमुन्याबरोबर असे दुसरे पाकीट दवाखान्यात जपून ठेवले, तर आज ज्या भेदासाठी पट्टीवर जागा नाही त्याची तपासणी नवी चिप आल्यावर त्याच जनावरावर करता येईल, मग ते जनावर तोपर्यंत विकले गेलेले असो किंवा मेलेले असो.